दरवाज्याची फट

बेल वाजली तेव्हा भावोजी मिक्सर उघडून बसले होते. मिक्सर बिघडला नव्हता. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून भावोजींना कुठलीही चालू वस्तू बघवत नसे, आणि मेहुणीच्या घरी तर ते हक्कानं स्क्रू-ड्रायव्हर चालवत.

"दार उघडा भावोजी," आतून मावशी ओरडली. "आणि स्क्रू पायाखाली घेऊ नका. मागे इस्त्रीचा घेतला होतात."

मावशी म्हणजे त्यांच्या दिवंगत बायकोची धाकटी बहीण. भावोजींची मुलगी तिला मावशी म्हणायची, मग गल्ली म्हणू लागली, मग ती विमा कंपनी, जिच्यासाठी तिनं अर्धं आयुष्य ठोकलेल्या गाड्या तपासल्या. आता ती खासगी चौकशीची कामं घ्यायची. भावोजी तिची स्कूटर चालवत, पिशवी धरत आणि चुकीचे निष्कर्ष काढत. शेवटचं काम ते सगळ्यात मन लावून करत.

दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती. हातांवर भाजल्याचे बारीक पांढरे ठिपके, नखांत काळं. हातात स्टीलचा डबा.

"मी मिस्त्रींची मुलगी," ती म्हणाली. "गॅरेजवाल्या. आमच्या ओळीत मला ठिणगी म्हणतात."

भावोजींनी तिला झटकन आत घेतलं. प्रकरण सगळ्या गावाला पाठ होतं. दाताच्या डॉक्टरांची लाल, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिच्या पोटाखालचे चासीचे दोन लांब दांडे गंजून सडले होते. अख्खी गाडी त्या दोन दांड्यांवर उभी असते. मिस्त्रींनी दोन्ही कापून नवे घातले. महिनाभरानं एका वळणावर ड्रायव्हरच्या बाजूचा दांडा गेला, गाडी कमरेत मोडली आणि डॉक्टर जागच्या जागी गेले. हलगर्जीपणाचा गुन्हा लागला आणि मिस्त्री कोठडीत गेले.

"पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, हे काम माझं नाही," ठिणगी सांगू लागली. "दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना तुटलेला दांडा दाखवला. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला म्हणे. मग म्हणाले, माझंच काम आहे. तेव्हापासून तेच धरून बसलेत. वकील नको म्हणतात. मला भेटत नाहीत. डबा पाठवला तर हा असा परत येतो. न उघडता."

तिनं डबा टेबलावर ठेवला. आतलं हललं नव्हतं हे वजनावरूनच कळत होतं.

"त्यांचं काम नाही हे तुला कशावरून?" मावशीनं विचारलं.

"कारण तिथे मी होते ना! दोन्ही दांडे आम्ही दोघांनी मिळून बसवलेत." तिचा आवाज चढला आणि एकदम बसला. "बाबा सुटायला हवेत, ते तर आहेच. पण ते माझं तोंड का बघत नाहीत, हे मला आधी कळू दे. मी काय केलंय त्यांचं?"

मावशीनं पर्स उचलली. भावोजींनी मिक्सर होता तसाच उताणा सोडला.

---

गॅरेज लांबट, स्वच्छ आणि गप्प होतं. मधोमध एक जाड लोखंडी सांगाडा होता, त्यात एक निळी गाडी चक्क कुशीवर निजवलेली.

"अरे बापरे, ही पडली की काय?" भावोजी मागे सरकले.

ठिणगी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली असावी. "हा आमचा पाळणा. बाबा गाडीखाली आडवं पडून वेल्डिंग करत नाहीत. तरुणपणी एकदा केलं, वितळलेला थेंब सरळ कानात गेला. उजवा कान कायमचा गेला. तेव्हापासून गाडी कुशीवर घ्यायची आणि समोर उभं राहून जोड मारायचा. मलाही तसंच शिकवलं."

"आणि हा पाइप?" निळ्या गाडीच्या दरवाज्याच्या तोंडात एक पाइप आडवा ठोकला होता.

"तो सगळ्यात आधी. दांड्याला हात लावायच्या आधी. नाहीतर दांडा कापला की गाडी मधेच बसते. एकानं धरायचा, एकानं जोडायचा. धरायचं काम माझं."

मावशीनं गाडीचं पोट निरखलं. काळ्या डांबरी रंगावर ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसत होते.

"रंगाला फवारायची स्प्रे-गन नाही वापरत?"

"गन नाहीच आमच्याकडे. गंजाचा रंग ब्रशनंच दाबून बसवायचा, बाबांचा हट्ट."

"डॉक्टरांच्या गाडीच्या वेळी काही वाजलं होतं?"

ठिणगी जरा घुटमळली. "वाजलं. जुन्या दांड्यावर गाडीचा मूळ नंबर ठोकलेला होता. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं, तिथे गाडी अस्सल आहे का हे पाहायला परीक्षक वाकून तो नंबर बघतात. डॉक्टर म्हणाले, तेवढा तुकडा राहू द्या. बाबा म्हणाले, सडकं लोखंड मी चांगल्यात घालणार नाही. मी मध्ये पडले. म्हटलं, दांडा अख्खा नवाच ठेवू, नंबरचा पत्रा वरून नुसता चिकटवू. तर बाबा माझ्यावरच उखडले. म्हणाले, आज पत्रा चिकटवशील, उद्या तुकडा घालशील."

"मग?"

"मग काय, दांडे अख्खे नवे घातले. आणि जुने डॉक्टरांच्या गाडीबरोबर पाठवले. आमची पद्धत आहे, कापलेलं लोखंड मालकाला परत द्यायचं. आपण कशावर बसून फिरत होतो ते त्यानं बघावं."

एवढ्यात मागच्या बाजूनं एक जण चहाचे ग्लास घेऊन आला. पस्तिशीचा, कपड्यांवर सात रंगांचे शिंतोडे, एका कानात कापसाचा बोळा.

"हे रंगारी," ठिणगी म्हणाली. "शेजारीच यांचं दुकान आहे. बाबांना नेल्यापासून रोज येतात. मला एकटीला सोडत नाहीत."

"तुम्ही मिस्त्रींचे मित्र का?" भावोजींनी विचारलं.

रंगाऱ्यानं मान वळवून दुसरा कान पुढे केला. "काय म्हणालात? सर्दीनं कान बसलाय."

भावोजींनी प्रश्न पुन्हा विचारला.

"मित्र कसला! चेला. मिस्त्रींच्या हाताखाली आजवर दोघंच तयार झाले, एक मी आणि एक ही ताई. पण मला त्यांनी नुसतं वेल्डिंगवर ठेवलं. कापणं, जुळवणं सगळं त्यांचं. मी यायचो तोवर गाडी पाळण्यात तयार असायची. कंटाळून रंगाकडे वळलो." त्यानं ग्लास पुढे केला. "घ्या मावशी. मिस्त्रींच्या हातून असं काम... मन मानत नाही. पण वय झालं त्यांचं."

"डॉक्टरांची गाडी इथून गेल्यावर तुम्ही पाहिलीत?"

"एकदा आली होती माझ्याकडे, दरवाज्यावरचा ओरखडा बुजवायला. बस्स. मी अंगावरचा रंग बघतो. गाडीच्या पोटाखाली माझं काय काम?"

चहा फार गोड होता. मावशीनं तो अर्धाच प्यायला.

---

मोडलेली गाडी पोलिस ठाण्याच्या मागच्या आवारात होती. इन्स्पेक्टर मावशीला विमा कंपनीच्या दिवसांपासून ओळखत. ते म्हणाले, "बघा काय बघायचं ते. आरोपीनं कबूल केलंय, आता उरलंय काय?"

मावशी सरळ जमिनीवर बसली. तुटलेल्या दांड्यावरचा चिखल तिनं रुमालानं पुसला.

"भावोजी, इकडे या. काय दिसतं?"

"जोड तुटलाय," भावोजी गुडघे धरून वाकले.

"नीट बघा हो!"

भावोजींनी चष्मा सरसावला. जोड जागच्या जागी होता, बोट-बोट लांबीचा, सुबक. त्याच्या शेजारचं लोखंडच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं फाटलं होतं.

"आणि हे थेंब?"

जोडाखाली वितळलेल्या धातूचे दोन-तीन थेंब गोठले होते. "लोंबतायत," भावोजी म्हणाले.

"कुठल्या दिशेला?"

"कुठल्या म्हणजे? खाली. जमिनीकडे. थेंब आणखी कुठे लोंबणार?"

मावशीनं त्यांना दांड्याच्या टोकाकडचा दुसरा जोड दाखवला. तिथेही एक थेंब होता, पण तो आडवा, गाडीच्या बाजूकडे झुकलेला. भावोजींना त्यात विशेष वाटलं नाही. मग मावशीनं त्यांचं बोट धरून काळ्या रंगावरून फिरवलं. आधी ब्रशच्या रेघा लागल्या, मग फाटलेल्या जागेजवळ हातभर गुळगुळीत रंग, आणि त्याखाली कसल्याशा खाचा.

"खडबडीत आहे," भावोजी म्हणाले.

"आकडे आहेत," मावशी म्हणाली.

इन्स्पेक्टर पुढे आले. तोवर मावशी ड्रायव्हरच्या दरवाज्याकडे गेली होती. दरवाज्याच्या वरच्या कडेवरचा रंग तिनं नखानं खरवडला. लाल रंगाखाली पत्रा कानशीनं घासलेला होता, लख्ख. पलीकडच्या दरवाज्याची कड मात्र मूळची, जाडसर.

"हे अपघातात झालं असेल," भावोजी म्हणाले.

"अपघात कानस घेऊन येत नाही भावोजी. आणि वरून रंगही देत नाही."

---

डॉक्टरांच्या घरी त्यांची बायको आणि धाकटा भाऊ होते. ती पांढरीफटक, तो चुळबुळा.

"वहिनींना त्रास नको," तो म्हणाला. "जे झालं ते त्या मिस्त्रीनं कबूल केलंय."

"तुम्हाला म्हणे गाडी विकायची होती ना?" मावशीनं थेट विचारलं.

तो लाल झाला. "हो, होती. अर्धी माझीही होती ती, वडिलांची! पण दादा ऐकेल तर शपथ. त्याला प्रदर्शनात पहिला नंबर हवा होता. वडिलांना एकदा मिळाला होता, म्हणून यालाही हवा. त्या नंबरच्या तुकड्यापायी तो मिस्त्रीशी भांडून आला, दोन दिवस धड बोलला नाही कुणाशी."

भावोजींनी मावशीकडे सूचक पाहिलं. भाऊ, वाटणी, राग. मावशीनं दुर्लक्ष केलं.

"गाडी गॅरेजमधून आल्यावर कोण कोण आलं तिच्याजवळ?" तिनं डॉक्टरांच्या बायकोला विचारलं.

"मिस्त्रींची मुलगी आली होती. मागचा दिवा लागत नव्हता. बराच वेळ होती ती शेडमध्ये. मग ओरखड्यासाठी गाडी रंगाऱ्याकडे गेली, दोन-तीन दिवस." ती थांबली. "पण रंगाचं काम काही धड झालं नाही त्याचं. दरवाजा घासायला लागला."

"घासायला?"

"ड्रायव्हरकडचा. आधी कसा बोटानं ढकलला की लागायचा. रंगाऱ्याकडून आल्यावर वरच्या बाजूला अडकायचा, जोरात ओढावा लागायचा. मी म्हटलं, परत पाठवा. तर हे म्हणाले, रंगाचा थर जाड झालाय, झिजेल हळूहळू." तिनं पदर तोंडाला लावला. "त्या दिवशीही निघताना दोनदा आपटला त्यांनी तो दरवाजा. मी आतून ओरडले, अहो, हळू. एवढंच शेवटचं बोलणं आमचं."

मग ती स्वतःच उठली आणि त्यांना शेड दाखवायला घेऊन गेली.

भिंतीवर जुने दांडे तारेनं टांगले होते, गंजानं चाळण झालेले. एक अख्खा होता. दुसऱ्याचे दोन भाग होते आणि मध्ये हातभर जागा रिकामी.

"दोनच होते," ती बारीक आवाजात म्हणाली. "तीन कधी झाले?"

परतताना भावोजी स्कूटर फारच हळू चालवत होते. त्यांचा संशय भावावरून उठून आता भलतीकडे बसला होता आणि त्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं.

"अगं, तुकडा ठेवूया असं ती पोरगीच म्हणत होती ना?" ते शेवटी म्हणाले. "ती शेडमध्ये गेली होती. हातही बापानंच तयार केलेला. म्हणून तर तो..."

"पुढे बघून चालवा," मावशी म्हणाली.

---

मिस्त्री कोठडीतल्या बाकावर ताठ बसले होते. मावशी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.

"मिस्त्री, तो जोड कुणाचा?"

"माझा. सांगून झालंय."

"बोटभर जोड मारायचा, लोखंड तापून वाकू नये म्हणून दुसऱ्या टोकाला जायचं, आणि सोडताना हात किंचित मागे आणायचा. बरोबर?"

मिस्त्रींनी पहिल्यांदा मान वर केली. "तुम्हाला जोड वाचता येतो."

"तुमच्याइतका नाही. तुम्ही अंगठा फिरवून माणूस ओळखलात."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भावोजींना राहवेना.

"मुलगी रोज डबा घेऊन येते हो," ते म्हणाले. "रडते बाहेर."

मिस्त्रींचा जबडा हलला. "तिला म्हणावं, गॅरेज विकून टाक. दुसरं काहीतरी कर. वेल्डिंगला हात लावू नकोस." मग, तसंच भिंतीकडे बघत, "जेवते का ती?"

---

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. इन्स्पेक्टर मिस्त्रींना घेऊन आले. डॉक्टरांची बायको खुर्चीवर बसली, दीर तिच्यामागे उभा राहिला. रंगारी चहा टाकायला निघाला होता, त्याला मावशीनं थांबवलं. ठिणगी पाळण्याला टेकून बापाकडे बघत होती. बाप जमिनीकडे.

तुटलेला दांडा टेबलावर होता. मावशीनं फाटलेल्या जागेवरचा काळा रंग पेट्रोलच्या बोळ्यानं पुसला. खालून आकडे वर आले.

"हा गाडीचा मूळ नंबर. म्हणजे हा तुकडा जुन्या दांड्याचा. डॉक्टरांच्या शेडमधून तो कापून नेला, आणि नव्या दांड्याला खिडकी पाडून तिथे बसवला. जोड मजबूत आहे. पण सडक्या लोखंडाला कितीही चांगला जोड मारा, शेजारचं लोखंड फाटतं. तसंच फाटलं."

"कधी बसवला?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"गाडी इथून गेल्यावर. इथे गाडी कुशीवर असते, म्हणून इथल्या जोडाचे थेंब गाडीच्या बाजूकडे झुकतात. या तुकड्याचे थेंब सरळ जमिनीकडे लोंबलेत. भावोजी म्हणाले तसं, थेंब आणखी कुठे लोंबणार? म्हणजे गाडी चाकांवर उभी होती आणि कुणीतरी खाली उताणं पडून हा जोड मारला."

आपण काहीतरी शहाणपणाचं बोलून गेलो होतो हे कळून भावोजी चकित झाले.

"आणि त्यावरचा रंग गुळगुळीत आहे. गननं मारलेला. इथे गन नाही."

इन्स्पेक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पण मग मिस्त्री कबूल का झाले?"

"कारण जोडाचा हात त्यांच्या शिकवणीचा आहे. तसा हात तीनच माणसांचा. स्वतः मिस्त्री, त्यांची मुलगी आणि रंगारी. मिस्त्रींना ठाऊक होतं की आपण हे केलं नाही. उरले दोघं. आणि त्या दोघांपैकी तुकड्यावरून बापाशी कोण भांडलं होतं? डॉक्टरांच्या शेडमध्ये कोण गेलं होतं?"

ठिणगी पाळण्यापासून सरळ झाली.

"मी?" ती म्हणाली. "बाबा, तुम्हाला वाटलं, मी?"

मिस्त्रींनी डोळे मिटले.

"थांब पोरी," मावशी म्हणाली, पण आवाज मऊ होता. "मला पुरतं बोलू दे. इथे दांड्याला हात लावायच्या आधी दरवाज्यात पाइप ठोकतात. पाइप न लावता दांडा कापला तर गाडी मधे बसते. गाडी बसली की दरवाज्याची वरची फट मिटते आणि दरवाजा घासायला लागतो. बाई, दरवाजा कधीपासून घासत होता?"

"रंगाऱ्याकडून आल्यापासून," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"ज्यानं हे केलं त्याला हे असं का झालं तेच कळेना. त्यानं दरवाज्याची कड कानशीनं घासली, वरून लाल रंग मारला आणि गाडी परत पाठवली. ही मुलगी लहानपणापासून तो पाइप धरून उभी आहे. ती हात तोडून देईल, पण पाइपाशिवाय दांडा कापणार नाही. ही चूक एकाच माणसाची असू शकते. ज्याला जोड मारायला शिकवलं, पण कापायला कधी दिलं नाही. जो यायचा तोवर गाडी पाळण्यात तयार असायची."

सगळ्यांच्या माना वळल्या. रंगारी चहाच्या भांड्याशी तसाच उभा होता.

"कानातला बोळा काढा," मावशी म्हणाली.

"सर्दी..."

"सर्दी असती तर नाकही वाहिलं असतं. मिस्त्रींचा कान असाच गेला होता, गाडीखाली आडवं पडून जोड मारताना. कानाच्या डॉक्टरला दाखवलाय का? की त्यालाही सांगता येईना?"

रंगाऱ्याचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यात राहिला. मग तो मटकन खाली बसला.

"डॉक्टरांनीच सांगितलं हो," तो म्हणाला. "प्रदर्शनापुरतं कर, नंतर बदलून घेऊ. तुझ्या मिस्त्रीला कळू देऊ नकोस. मी म्हटलं होतं त्यांना, तोवर जपून चालवा. शंभरदा म्हटलं!"

दीर डॉक्टरांच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तो तिनं बाजूला केला.

"आणि मिस्त्रींना नेल्यावर?" मावशीनं विचारलं.

"रोज सांगणार होतो. रोज इथे यायचो ते सांगायलाच. पण त्यांनी कबूल केलंय हे कळलं होतं. मला वाटलं, ते मला वाचवतायत. गुरू आहेत माझे. मला वाटलं, मला पोटात घातलं त्यांनी."

"तुला?" मिस्त्री पहिल्यांदाच बोलले, आणि त्या एका शब्दानं रंगाऱ्याचं तोंड बंद झालं.

इन्स्पेक्टर त्याला बाहेर घेऊन गेले. डॉक्टरांची बायको उठली, दांड्यावरच्या आकड्यांकडे तिनं क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी?" दीर तिच्यामागून निघून गेला.

मिस्त्री मुलीकडे दोन पावलं गेले. "ठिणगे..."

"डबा न उघडता पाठवत होतात," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला जेवण जात नसेल."

"तुला वाचवत होतो गं मी."

"कशापासून? मी न केलेल्या कामापासून? एकदा विचारायचं होतंत, बाबा! एकदा!"

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर मी काय केलं असतं?"

"आणि नाही म्हणाले असते तर?"

मिस्त्री नुसते उभे राहिले, हात अंगाला चिकटवून.

"आठ वर्षांची असल्यापासून तो पाइप धरतेय मी," ठिणगी म्हणाली. आता ती रडत होती आणि रडणं लपवतही नव्हती. "थेंब तुम्हालाही दिसले असतील. रंग दिसला असेल. तुमच्यासारख्या माणसाला दोन मिनिटं पुरली असती. पण तुम्ही बघितलंच नाहीत. जोडावरून अंगठा फिरवला आणि ठरवून टाकलंत की आपली पोरगी सडकं लोखंड घालते. आणि मग माझ्यासाठी तुरुंगात जायलाही तयार झालात. त्याचं मी काय करू?"

खुंटीवरचा वेल्डिंगचा मुखवटा तिनं काढला, पिशवीत घातला. भावोजींना वाटलं, आता ती थांबेल. दारात ती थांबलीसुद्धा, पण मावशीला नमस्कार करण्यापुरती.

"तुमचं काम चोख झालं मावशी," ती म्हणाली. "ते मला का भेटत नाहीत, ते कळलं मला."

---

महिन्याभरानं स्कूटरचा स्टँड जोडून घ्यायला भावोजी गॅरेजमध्ये गेले. स्टँड त्यांनीच मोडला होता, दुरुस्त करता करता.

मिस्त्री एकटेच होते. पाळण्याशेजारी एक जुनी हिरवी गाडी उभी होती. ते दरवाज्याच्या तोंडात पाइप बसवायला बघत होते. एक टोक लावलं की दुसरं निसटायचं.

"धरू का?" भावोजींनी विचारलं.

मिस्त्रींनी ऐकलं नाही, पण भावोजी वाकलेले दिसले तेव्हा त्यांनी टोक त्यांच्या हातात दिलं. "जरा वर. अजून. आता हलवू नका." मग पाइपाकडे बघतच म्हणाले, "तिला सांगावं लागायचं नाही."

पाइप वाटला त्याहून जड होता.

"मावशींकडे येते का ती?" मिस्त्रींनी विचारलं.

"येते अधूनमधून. पलीकडच्या गावात मोठ्या गॅरेजमध्ये लागलीय. बरं चाललंय."

मिस्त्रींनी मुखवटा डोक्यावर चढवला, पण खाली ओढला नाही. "तिथे आधी पाइप लावू देतात का तिला? का घाई करतात?"

"ते काही मी विचारलं नाही."

"विचारा की एकदा."

"तुम्हीच विचारा ना मिस्त्री," भावोजी म्हणाले. "जा आणि विचारा. ती वाट बघतेय."

पण तोवर मिस्त्री वळले होते आणि भावोजी त्यांच्या उजव्या, बहिऱ्या कानाच्या बाजूला आले होते. मिस्त्रींनी मुखवटा खाली ओढला आणि जोड मारायला सुरुवात केली.